अलाबामाचा इतिहास आणि तिथला समाज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हंट्सविलला नोकरी लागली, ऑबर्नला ॲडमिशन मिळाली, की घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "अगं ते अलाबामा म्हणजे तेच ना, जिथे काळ्या लोकांना मारायचे?" त्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही म्हणून हे पान. यातले बरेच प्रश्न नवीन आलेली मुलं आणि त्यांचे आईबाबा विचारतात, थोडे मीच घातलेत.

अलाबामा नक्की कुठे आहे? केवढं आहे?

अमेरिकेच्या दक्षिणेला. पूर्वेला जॉर्जिया, पश्चिमेला मिसिसिपी, वर टेनेसी, खाली फ्लोरिडा आणि मेक्सिकोच्या आखाताची एक चिंचोळी पट्टी. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या निम्म्याहून कमी, २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या ५० लाख २४ हजार, म्हणजे आपल्या एखाद्या मोठ्या शहरात मावेल एवढी. साधारण चारातला एक माणूस कृष्णवर्णीय. राजधानी माँटगोमेरी. १४ डिसेंबर १८१९ ला हे अमेरिकेचं २२ वं राज्य झालं.

गोरे यायच्या आधी तिथे कोण राहायचं?

भरपूर लोक राहायचे, रिकामी जमीन वगैरे काही नव्हती. टस्कलूसाजवळ माउंडव्हिल म्हणून जागा आहे, तिथे मातीचे प्रचंड चौथरे आहेत, साधारण इसवी सन १००० ते १४५० च्या काळातलं शहर होतं ते. नंतर मस्कोगी म्हणजे क्रीक, चोक्टॉ, चेरोकी, चिकासॉ हे मोठे समाज. १५४० मध्ये स्पॅनिश डे सोटो फौज घेऊन आला, त्याच्याशी लढलेल्या सरदाराचं नाव टस्कलूसा, त्याच्या नावाने आज शहर आहे आणि शहरात जगप्रसिद्ध अमेरिकन फुटबॉल टीम आहे, पण तो माणूस कोण हे तिथल्या पोरांनाही धड माहीत नसतं.

खरा घाव बसला १८१४ ला. हॉर्सशू बेंडच्या लढाईत अँड्र्यू जॅक्सनने क्रीकांच्या रेड स्टिक गटाचा पराभव केला, सुमारे ८०० क्रीक योद्धे मेले. त्यानंतरच्या तहात दोन कोटी एकरांहून जास्त जमीन काढून घेतली आणि गंमत म्हणजे (गंमत कसली) जे क्रीक जॅक्सनच्या बाजूने लढले होते त्यांचीही जमीन त्यातच गेली. पुढे हाच जॅक्सन राष्ट्राध्यक्ष झाला, १८३० ला मूळ रहिवाशांना मिसिसिपी नदीपलीकडे हाकलायचा कायदा केला आणि १८३० च्या दशकात राहिलेले क्रीकही गेले. सगळे गेले नाहीत. ॲटमोरजवळचा पोर्च क्रीक समाज तिथेच टिकून राहिला, १९८४ मध्ये त्यांना केंद्र सरकारची मान्यता मिळाली, आज त्यांचे कॅसिनो जोरात चालतात.

मोबिल शहर वेगळंच वाटतं, का?

कारण ते १७०२ मध्ये फ्रेंचांनी वसवलं. मग इंग्रज, मग स्पॅनिश, १८१३ ला अमेरिका. मार्डी ग्रा, म्हणजे तिथला मिरवणुकांचा सण, आपल्याला न्यू ऑर्लीन्सचा माहीत असतो पण मोबिलवाले म्हणतात आमचा त्याहून जुना, आणि ते बरोबरच आहे. त्यांच्यासमोर वाद घालू नका.

कापूस आणि गुलामगिरी एवढी का वाढली?

जमीन रिकामी करून घेतल्यावर ती विकायला काढली, आणि जॉर्जिया, कॅरोलिना, व्हर्जिनियातून लोकांची अशी झुंबड उडाली की त्याला तेव्हा "अलाबामा फीव्हर"च म्हणायचे. राज्याच्या मधून काळ्या कसदार मातीचा एक पट्टा जातो, त्याला ब्लॅक बेल्ट म्हणतात. आपल्याकडे विदर्भातली काळी जमीन आणि कापूस जसा एकमेकांना चिकटलेला आहे तसंच तिथे. फरक एवढाच की तिथे राबणारा माणूसही मालकीचा होता. कापसातली सरकी काढायचं जिन मशीन १७९३ ला आलं आणि कापूस पिकवणं प्रचंड फायद्याचं झालं, त्यामुळे मशीनने कष्ट कमी व्हायच्या ऐवजी वेचायला लागणारी माणसं आणखी विकत घेतली गेली. १८६० च्या जनगणनेत राज्यात ९ लाख ६४ हजार लोक, त्यातले ४ लाख ३५ हजार गुलाम. शेकडा ४५. माँटगोमेरीच्या कॉमर्स स्ट्रीटवर नदीच्या धक्क्यावरून माणसं साखळीने बांधून लिलावाला नेत असत, आज तिथे हॉटेलं आणि रेस्टॉरंट आहेत, माहितीचे फलक लागले तेसुद्धा बऱ्याच उशिरा.

क्लोटिल्डा काय प्रकरण आहे?

आफ्रिकेतून गुलाम आणायला १८०८ पासून बंदी होती. मोबिलचा एक श्रीमंत मालक टिमथी मेअर, त्याने पैज मारली की मी तरीही आणून दाखवतो. १८६० मध्ये क्लोटिल्डा जहाजातून ११० माणसं आजच्या बेनिनच्या किनाऱ्यावरून आणली, रात्री नदीत उतरवली आणि पुरावा नको म्हणून जहाज जाळून बुडवलं. शिक्षा कोणालाच झाली नाही.

पाच वर्षांनी ही माणसं मोकळी झाली. परत जायला पैसे नाहीत, म्हणून त्यांनी मेअरकडेच जमीन मागितली, त्याने फुकट दिली नाही, मग गिरणीत राबून पैसे साठवून त्यांनी जमीन विकत घेतली आणि आफ्रिकाटाउन नावाची वस्ती उभी केली, स्वतःची भाषा, स्वतःचे मुखिया. त्यातला कजो लुईस, मूळ नाव कोसोला, १९३५ पर्यंत जिवंत होता. जहाजाचा सांगाडा चिखलात सापडला आणि तो क्लोटिल्डाच आहे हे २०१९ मध्ये जाहीर झालं. इतकी वर्षं वंशज सांगत होते की जहाज खरं होतं आणि लोक म्हणत होते दंतकथा आहे.

याचा मुंबईशी काही संबंध आहे का?

आहे, आणि चांगला घसघशीत आहे. १८६१ ला अमेरिकेत उत्तर विरुद्ध दक्षिण अशी यादवी सुरू झाली, उत्तरेच्या आरमाराने मोबिलसकट दक्षिणेची बंदरं अडवली, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. मग सगळे वळले मुंबईकडे. वऱ्हाड, खानदेश, गुजरातच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत पैशाचा पूर, शेअर दलाल प्रेमचंद रायचंद, बॅक बेमध्ये भराव घालायच्या कंपन्यांचे शेअर, नुसता धुमाकूळ. १८६५ ला युद्ध संपलं आणि भाव कोसळले, कंपन्या बुडाल्या, बँक ऑफ बॉम्बेही त्या फटक्यातून सावरली नाही. खेड्यातल्या शेतकऱ्याच्या डोक्यावर सावकाराचं कर्ज तेवढं राहिलं, १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांमागे जी कारणं सांगतात त्यात हेही एक.

दुसरा धागा महात्मा फुल्यांचा. १८७३ ची 'गुलामगिरी' त्यांनी अर्पण केलीये ती गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. तिसरा धागा पँथरचा, तो खाली येतो.

यादवीत अलाबामाने काय केलं?

११ जानेवारी १८६१ ला अमेरिकेतून फुटलं. फुटीर राज्यांची पहिली राजधानी माँटगोमेरीच, फेब्रुवारीत जेफरसन डेव्हिसने त्यांचा अध्यक्ष म्हणून तिथल्या कॅपिटॉलच्या, म्हणजे विधानभवनाच्या, ओट्यावर शपथ घेतली. मे मध्ये राजधानी रिचमंडला हलली. पण सगळं राज्य एकमुखी पाठीशी होतं असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, उत्तरेकडच्या डोंगराळ विन्स्टन काउंटीत (काउंटी म्हणजे आपला जिल्हा) कापसाचे मळे फारसे नव्हतेच, तिथले गरीब गोरे म्हणाले, श्रीमंतांच्या गुलामांसाठी आम्ही का मरायचं.

गुलामगिरी १८६५ ला संपली ना? मग मतासाठी १९६५ ला मोर्चे कशाला?

हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि याचंच उत्तर लोकांना माहीत नसतं. सगळ्यांना कुत्रे आणि लाठ्यांचे फोटो माहीत असतात, पण अलाबामात माणसाला दाबायचं खरं काम कागदाने केलं.

युद्धानंतर थोडी वर्षं बरी गेली. काळे पुरुष मत देत होते, विधिमंडळात होते, १८७० मध्ये सेल्माचा बेंजामिन टर्नर, जो स्वतः गुलाम म्हणून जन्मला, तो थेट अमेरिकेच्या काँग्रेसवर, म्हणजे संसदेवर, निवडून गेला. १८७४ च्या निवडणुकीत धाकदपटशाने आणि मारामारीने ते सगळं उलथवलं. तरी मतदार यादीत नावं होतीच. मग १९०१ ला नवी राज्यघटना लिहायला परिषद भरली, तिचा अध्यक्ष जॉन नॉक्स याने उद्घाटनाच्या भाषणातच सांगून टाकलं की आपल्याला केंद्राच्या घटनेच्या मर्यादेत राहून गोऱ्यांचं वर्चस्व प्रस्थापित करायचंय. चोरून नाही, माइक नव्हता एवढंच, नाहीतर माइकवरून.

केलं काय? मत द्यायला वाचता यायला हवं, नोकरी हवी, ४० एकर जमीन किंवा ३०० डॉलरची मालमत्ता हवी, आणि मुख्य म्हणजे पोल टॅक्स. वर्षाला दीड डॉलर. ऐकायला किरकोळ वाटतं पण तो साठत जायचा, म्हणजे एखाद्याने चाळिशीत पहिल्यांदा मत द्यायचं ठरवलं तर २१ व्या वर्षापासूनची थकबाकी भरा आधी. जास्तीत जास्त ३६ डॉलरपर्यंत. अर्धेलीने शेती करणाऱ्या माणसाच्या हातात वर्षाअखेर रोख पैसा उरायचाच नाही, दुकानदाराचं देणं फिटलं तर नशीब. १९०० च्या सुमाराला मत द्यायला पात्र असलेले काळे पुरुष १ लाख ८० हजारांच्या वर होते, १९०३ पर्यंत नोंदणी उरली ३ हजारांच्या आत. पोल टॅक्सने गरीब गोरेही हजारोंनी गेले, तो बड्या जमीनदारांना बोनस.

आणि ही घटना मंजूर कशी झाली? काळ्यांची बहुसंख्या असलेल्या ब्लॅक बेल्टमधून "आमचा मताधिकार काढून घ्या" याच्या बाजूने भरघोस मतं पडली म्हणे. मतं कोणी टाकली हे सांगायला नको.

हीच घटना शंभर वर्षांहून जास्त चालली. काउंटीच्या हातात सत्ताच ठेवली नाही, बारीकसारीक गोष्टीला राज्याच्या घटनेत दुरुस्ती लागायची, त्यामुळे दुरुस्त्या जवळजवळ हजार झाल्या आणि जगातल्या सगळ्यात लांबलचक घटनांमध्ये तिचं नाव आलं. आंतरवंशीय लग्नावरची बंदी २००० पर्यंत कागदावर होती, सार्वमत घेऊन काढली, तेव्हाही ४० टक्के लोकांनी "राहू द्या" म्हणून मत दिलं. वर्णद्वेषी भाषा काढून नीट लावलेली प्रत २०२२ ला मंजूर झाली.

बर्मिंगहॅम शहर कसं उभं राहिलं?

१८७१ ला. लोखंडाचं खनिज, कोळसा, चुनखडी तिन्ही एकमेकांच्या शेजारी, त्यामुळे शहर एवढ्या झपाट्याने वाढलं की मॅजिक सिटी नाव पडलं. डोंगरावर व्हल्कनचा ५६ फुटी लोखंडी पुतळा आहे, जाऊन बघा. फक्त त्या खाणीत कोण होतं तेही बघा. किरकोळ गुन्ह्यात, बेकार हिंडतो म्हणून वगैरे, काळ्या माणसाला पकडायचं, दंड आणि कोर्टाचा खर्च लावायचा, तो भरता आला नाही की खाण कंपनीला भाड्याने द्यायचं. यातून सरकारच्या तिजोरीत चांगली कमाई व्हायची. १९११ ला बॅनर खाणीत स्फोट होऊन १२८ माणसं मेली, बहुतेक असे भाड्याचे कैदी. हा प्रकार सगळ्यात शेवटी बंद करणारं राज्य अलाबामा, १९२८.

कार्व्हर याच राज्यातला ना?

कामाने हो, जन्माने मिसुरीचा. त्याच्यावरचं मराठी पुस्तक आपल्यातल्या निम्म्या लोकांनी शाळेत असताना वाचलंय, त्यामुळे टस्कीगी म्हटलं की मराठी माणूस लगेच ओळख दाखवतो, गोरे अमेरिकन सहकारी बघतच राहतात. बुकर टी. वॉशिंग्टनने १८८१ ला टस्कीगीची संस्था काढली, विद्यार्थ्यांनी स्वतः विटा भाजून इमारती बांधल्या, कार्व्हर १८९६ ला आला. कापसाने जमिनीचा कस गेलेला, तो म्हणाला भुईमूग लावा, रताळी लावा. मग १९१० च्या सुमाराला कापसाची बोंडं पोखरणारा भुंगा, बोल वीव्हिल, आला आणि कापूस झोपला. एंटरप्राइज गावच्या लोकांनी भुईमुगाकडे वळून असा पैसा केला की १९१९ ला भर चौकात त्या किड्याचं स्मारक उभं केलं! आधी नुसती बाई होती पुतळ्यात, हातात किडा नंतर दिला.

त्याच टस्कीगीत १९३२ ते १९७२ केंद्राच्या आरोग्य खात्याने सिफिलिसचा प्रयोग चालवला. सुमारे ६०० काळे पुरुष, त्यातले ३९९ रोगी, त्यांना सांगितलं तुमचं रक्त खराब आहे, पेनिसिलिन आल्यावरही दिलं नाही, रोग कसा वाढतो ते बघायचं होतं. १९९७ ला क्लिंटनने माफी मागितली. तिथली म्हातारी माणसं सरकारी डॉक्टरकडे संशयाने बघतात त्याला असं कारण आहे.

रोझा पार्क्स दमली होती म्हणून बसमधल्या सीटवरून उठली नाही, खरं का?

नाही. ४२ वर्षांची शिंपीण आणि एनएएसीपी या काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या माँटगोमेरी शाखेची सेक्रेटरी, कित्येक वर्षं अत्याचाराच्या केसेस नोंदवत फिरलेली कार्यकर्ती होती ती. बसचा नियम ऐका: पुढच्या दाराने चढून दहा सेंट द्यायचे, मग खाली उतरायचं आणि मागच्या दाराने परत चढायचं, कधीकधी तेवढ्यात बस निघूनही जायची. १ डिसेंबर १९५५ ला एका गोऱ्यासाठी चौघांना उठवलं, तिघं उठले, ती नाही. त्याआधी मार्चमध्ये १५ वर्षांच्या क्लॉडेट कोल्व्हिननेही नकार दिला होता, पण तिला पुढे करायचं नेत्यांनी टाळलं.

बसवर बहिष्कार घालायची पत्रकं रातोरात हजारोंनी काढली जो ॲन रॉबिन्सन या प्राध्यापिकेने, कॉलेजच्या सायक्लोस्टाइलवर. लोक ३८१ दिवस चालले. त्यांचा नेता मार्टिन ल्यूथर किंग २६ वर्षांचा, गावात नवा. आणि बसचा कायदा शेवटी ज्या खटल्याने पडला त्यात रोझा पार्क्स नव्हती, कोल्व्हिन होती. किंग नंतर १९५९ ला भारतात आला, मुंबईत मणिभवनात राहिला, तेव्हा तो माँटगोमेरीच्याच चर्चचा पाद्री होता.

१९६३ ला बर्मिंगहॅममध्ये नक्की काय झालं?

मे महिन्यात हजारभर शाळकरी पोरं वर्णभेदाविरुद्धच्या मोर्चात उतरली कारण मोठ्यांना नोकरी जायची भीती, पोलिस कमिशनर बुल कॉनरने त्यांच्यावर कुत्रे आणि अग्निशमनचे पाण्याचे पाइप सोडले. जगभर फोटो गेले, दुकानदारांनी तडजोड केली. १५ सप्टेंबरला रविवारी सकाळी सोळाव्या रस्त्यावरच्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये कू क्लक्स क्लान या गोऱ्या दहशतवादी टोळीच्या लोकांनी बॉम्ब लावला, चार मुली गेल्या, तिघी १४ वर्षांच्या, एक ११ ची. गुन्हेगारांना शिक्षा कधी? एकाला १९७७, दुसऱ्याला २००१, तिसऱ्याला २००२. चौथा खटल्याआधीच मेला.

सेल्मा, आणि तो पँथरचा धागा?

७ मार्च १९६५, सेल्माच्या एडमंड पेटस पुलावर सुमारे ६०० मोर्चेकऱ्यांना घोडेस्वार पोलिसांनी झोडपलं, मोर्चाचा तरुण नेता जॉन लुईस याची कवटी फुटली. पूल ज्याच्या नावाचा आहे तो फुटीरांच्या फौजेचा जनरल आणि क्लानचा नेता. दोन आठवड्यांनी मोर्चा परत निघाला, ५४ मैल चालत माँटगोमेरीला, आणि ६ ऑगस्टला मताधिकाराचा कायदा झाला.

आता पुढचं कोणी सांगत नाही. तो रस्ता लाउंड्स काउंटीतून जातो. तिथे शेकडा ८० लोक काळे आणि १९६५ सुरू झालं तेव्हा मतदार यादीत त्यातला एकही नाही. शून्य. नोंदणी केली की जमीनमालक घराबाहेर काढायचा, अशी कुटुंबं हायवेच्या कडेला तंबूत राहिली. तरीही त्यांनी स्टोकली कारमायकेल वगैरे चळवळीतल्या पोरांच्या मदतीने स्वतःचा पक्ष काढला. आणि अलाबामात पक्षाला चिन्ह लागायचं, बरेच मतदार निरक्षर म्हणून, अगदी आपल्यासारखंच. डेमोक्रॅट पक्षाचं चिन्ह होतं पांढरा कोंबडा आणि वर "गोऱ्यांचं वर्चस्व" असं चक्क छापलेलं. यांनी घेतला काळा पँथर. १९६६ ला ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या पोरांनी तोच पँथर घेऊन ब्लॅक पँथर पार्टी काढली, आणि १९७२ ला मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांची दलित पँथर. म्हणजे मुंबईतल्या भिंतींवरच्या त्या पँथरचं मूळ गाव अलाबामातल्या कापसाच्या शेतात आहे. लाउंड्सचा पक्ष पहिली निवडणूक हरला, पण त्यांचा जॉन ह्युलेट १९७० ला शेरीफ, म्हणजे काउंटीचा पोलिसप्रमुख, झाला.

जॉर्ज वॉलेस मनापासून वर्णद्वेषी होता का?

माझं मत, तो आधी मतांचा व्यापारी होता. १९५८ ला गव्हर्नरपदासाठी त्यातल्या त्यात मवाळ म्हणून उभा राहिला, हरला. १९६३ ला "वेगळेपण आज, उद्या आणि कायम" अशी, काळ्या-गोऱ्यांना वेगळं ठेवायची घोषणा देत गव्हर्नर, जूनमध्ये विद्यापीठाच्या दारात उभा राहून दोन काळ्या विद्यार्थ्यांना अडवायचं नाटक. १९७२ ला गोळी लागून कायमचा व्हीलचेअरवर, नंतर काळ्यांच्या चर्चमध्ये जाऊन माफी मागितली आणि १९८२ ला त्यांची बरीच मतं घेऊन परत निवडून आला. माफी खरी की हिशेबी यावर तिथे अजून वाद होतात.

जीस बेंडच्या गोधड्या एवढ्या महाग का?

कारण आता त्या म्युझियममध्ये लागतात. अलाबामा नदीच्या वळणात अडकलेलं हे गाव, निम्म्या लोकांचं आडनाव जुन्या मालकाचं, पेटवे. बायका नवऱ्याच्या विटलेल्या कामाच्या पँटी, पिठाची पोती फाडून गोधड्या शिवायच्या, पँटीचा खिसा उसवून काढला की त्याखालचा न विटलेला गडद निळा तुकडा तसाच दिसतो. १९३० च्या दशकात सरकारी योजनेतून या लोकांना स्वतःची जमीन मिळाली, म्हणून मतासाठी नोंदणी करताना त्यांना घरातून कोणी काढू शकत नव्हतं. मग १९६२ ला पलीकडे कॅम्डेनला, जिथे नोंदणीचं ऑफिस, तिथे जाणारी फेरीच बंद केली. पुन्हा सुरू झाली २००६ ला.

हंट्सविलला रॉकेट कुठून आले?

जर्मनीतून. रॉकेट शास्त्रज्ञ व्हर्नर फॉन ब्राउन आणि शंभराहून जास्त जर्मन मंडळी १९५० ला इथे आली, १९६० ला नासाचं मार्शल केंद्र झालं, चंद्रावर नेणारं सॅटर्न फाइव्ह इथलंच. याच लोकांनी हिटलरसाठी केलेलं व्ही-टू रॉकेट छळछावणीतल्या कैद्यांकडून बनवून घेतलेलं, हे म्युझियममध्ये शोधावं लागतं. आज हंट्सविल राज्यातलं सगळ्यात मोठं शहर आहे आणि आपले बहुतेक लोक तिथेच.

आता परिस्थिती कशी आहे? भीती वाटावी असं काही?

रोजच्या जगण्यात लोक फार अगत्याचे, ओळख नसताना हात करतात, पहिल्या आठवड्यात "तुम्ही कुठल्या चर्चला जाता" विचारतात, त्यात खवचटपणा नसतो. पण जुनं सगळं मिटलंय असं नाही. जानेवारीत किंगच्या जयंतीची सरकारी सुट्टी असते, त्याच दिवशी गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या जनरल लीचीही. २०१३ ला शेल्बी काउंटीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने मताधिकार कायद्याचा कणाच काढला, २०२३ ला त्याच कोर्टाने राज्याचे मतदारसंघ चुकीचे आखलेत असा निकाल दिला. आणि लाउंड्समध्ये आजही कित्येक घरांचं सांडपाणी अंगणात साचतं, ती काळी चिकणमाती पाणी जिरवत नाही आणि तिला लागणारी सेप्टिक टाकी गरिबाला परवडत नाही.

खायचं काय, बघायचं काय?

भेंडी तळून, रताळी, आणि रस्त्याच्या कडेला उकडलेल्या शेंगा, मीठ घालून, कागदी पिशवीत गरमागरम. चहा मागितलात तर बर्फ घातलेला आणि पाक केल्यासारखा गोड येतो.

वेळ कमी असेल तर माँटगोमेरी आधी करा. कॅपिटॉलच्या ओट्यावर डेव्हिसने शपथ घेतली तिथे पितळी तारा आहे, तिथून खाली बघितलं की किंगचं चर्च दिसतं, जेमतेम एक चौक अंतर. मग २०१८ ला उघडलेलं झुंडबळींचं स्मारक, आठशेवर लोखंडी खांब, प्रत्येक काउंटीचा एक, सुरुवातीला डोळ्यासमोर असतात आणि जमीन उतरत जाते तसे डोक्यावर टांगलेले होतात. लहान मुलं बरोबर असतील तर आधी विचार करा. नोव्हेंबरच्या शेवटाला जात असाल तर ऑबर्न विरुद्ध अलाबामा फुटबॉल मॅचची तारीख बघून घ्या, त्या दिवशी हॉटेल मिळणार नाही आणि कोणाच्या बाजूचे विचारलं तर उत्तर तयार ठेवा, "दोन्ही" चालत नाही.